कुंताची हजेरी आणि देवाजीभाऊंचं झटका मशीन

कुंता गेली तेव्हा मी नागपूरच्या दवाखान्यात तळमजल्यावर औषधांच्या रांगेत उभा होतो. नंबर लागला, काउंटरवरच्या पोराने औषधं पिशवीत भरून दिली, मी जिना चढून वर आलो. बाकावर पुनम रडत होती आणि जावई भिंतीकडे तोंड करून फोनवर कुणाला तरी आमच्या घराचा पत्ता सांगत होते. माझ्या बायकोची बातमी मला अशी कळली. मला पहिल्यांदा काय आठवलं, तर औषधं परत घेतली जाणार नाहीत असा बोर्ड खाली लावलेला होता. माणसाचं डोकं त्या वेळी काय करतं ते सांगता येत नाही.

आरमोरीला पोचलो तोवर सगळ्यांना कळलेलं होतं. शेजारच्या देवाजीभाऊंनी अंगणात ताडपत्री बांधली होती. त्यांच्या गुणाबाईंनी पाणी तापत ठेवलं होतं. ब्रह्मपुरीचे नातेवाईक आमच्या आधी येऊन बसले होते, आणि आलापल्लीहून माझे जुने साहेबसुद्धा निघाले होते. बातमीला आमच्याकडे कुणाला रस्ता दाखवावा लागत नाही. एकाच ठिकाणी ती पोचली नाही. चाळीस मीटरवर.

चाळीस मीटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. थोडक्यातच, कारण पुनम म्हणते, बाबा रेडिओवर बोलायला लागले की पाहुणे चपला शोधतात. मी जंगल खात्यात वायरलेसवर होतो. रिटायर झाल्यावरही सवय सुटेना, म्हणून सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेतला. कुंताने माझ्यासोबत परीक्षा दिली आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले. हे ती दर पाहुण्याला चहाच्या आधी सांगत असे. या परवान्यावर घरून सेट लावून लांबच्या माणसांशी बोलता येतं. त्यासाठी ठरलेले पट्टे असतात, त्यातला एक चाळीस मीटरचा. त्यावर दर रविवारी सकाळी आमचं नेट भरतं. नेट म्हणजे हवेतली बैठक. महाराष्ट्रभरचे पंधरा-वीस जण येतात आणि साताऱ्याकडच्या नीलिमाबाई ते चालवतात. त्या रिटायर मुख्याध्यापिका. त्यामुळे नेट शाळेसारखं चालतं. एकेकाचं सांकेतिक नाव, मग खरं नाव, मग गाव पुकारायचं आणि थांबायचं. आला तर 'हजर' म्हणतो. नाही आला तर शेवटी पुन्हा एकदा पुकारतात.

कुणी वारलं तर त्याचीही रीत आहे. जवळच्या माणसाने नेटवर सांगायचं. मग नीलिमाबाई त्याचं सांकेतिक नाव तीन वेळा पुकारतात. उत्तर येत नाही. मग सगळे सेट थोडा वेळ गप्प राहतात, आणि त्यानंतर ते नाव हजेरीत कधी येत नाही.

कुंता शेवटची बोलली ती नागपूरला जायच्या आधीच्या रविवारी. "तपासायला जाते, पुढच्या रविवारी सांगते," म्हणाली. ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले आणि त्या रविवारी मी सेट लावला. बोलायचं वाक्य तयार करून ठेवलं होतं. पण सेटमधून दोन आवाज येत होते. एक घरघर, पिठाच्या गिरणीसारखी, न थांबणारी. दुसरी टकटक, घड्याळापेक्षा जरा सावकाश. त्यांच्या मागे कुठेतरी नीलिमाबाई होत्या. माझं नाव त्यांनी पुकारलं असावं. नंतर एकदा 'कुंता' एवढं ऐकू आलं, की आल्यासारखं वाटलं, देव जाणे. अशा गोंधळात माणसाच्या मरणाची बातमी द्यायची नसते. मी सेट बंद केला.

पुनमचा फोन आला. "सांगितलं का बाबा?"

"आवाजच येत नाही स्वच्छ."

"मग फोन करा ना. त्यांच्या घरचा नंबर आहे तुमच्याकडे."

"रेडिओवरच्या माणसाची बातमी रेडिओवर देतात," मी म्हणालो.

"असा नियम आहे?"

"नियम नाही. रीत आहे."

पुनमने फोन ठेवला. तिच्या आईची मुलगी आहे, पण तिच्यासारखी वाद जिंकत नाही.

तर आवाज शोधायचा असं ठरलं. त्याची पद्धत सोपी आहे. हातात लहान ट्रान्झिस्टर घ्यायचा, कुठलंही स्टेशन लावायचं नाही आणि फिरायचं. जिथे खरखर वाढेल तिथे चोर. मी मोहल्ल्यात फिरू लागलो. विजेच्या खांबाला ट्रान्झिस्टर लावून पाहिला, विक्कीच्या मोबाईल दुकानाच्या शटरला लावला, देवळाच्या दिव्यांच्या माळेला लावला. नुकता बायको गेलेला माणूस, दाढी वाढलेली, कानाशी खरखरणारा रेडिओ धरून दुसऱ्यांच्या भिंती तपासतो, हे लोकांना कसं दिसतं याचा मी विचार केला नव्हता. तो गुणाबाईंनी करायला लावला. मी त्यांच्या न्हाणीच्या भिंतीशी उभा होतो आणि आत पाण्याचा आवाज येत होता, तो मला ट्रान्झिस्टरमधला वाटला.

गुणाबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. "काय आयकून राह्यले भाऊ इथी?"

"आवाज शोधतो आहे."

"कोनाचा?"

मी तांत्रिक उत्तर दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मग घरात तोंड करून म्हणाल्या, "अवो, आयकता का? भाऊले जेवाले बोलवत जा आपल्या इथी. एकटा मानूस हाय, काहीबाही आयकू येते त्याले."

त्या दिवसापासून माझ्याकडे दोन्ही वेळेला डबा येऊ लागला. डबा चांगला होता. पण वेड लागलं म्हणून आलेल्या डब्यातली भाजी आणि शेजारधर्म म्हणून आलेल्या डब्यातली भाजी यांत फरक असतो, तो खाणाऱ्याला कळतो.

मग मी वीज ऑफिसला गेलो. माझा संशय खांबावरच्या ढिल्या तारेवर होता. खिडकीतल्या बाबूला सांगितलं, "रेडिओत आवाज येतो."

तो म्हणाला, "मंग? रेडिओत आवाज तं यायलेच पाहिजे ना."

"तो नाही. दुसरा आवाज. विजेचा."

त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. तक्रारीचे प्रकार होते वीज नाही, वीज कमी, वीज जास्त, बिल जास्त. आवाज जास्त असा प्रकार नव्हता. "आनि मीटर कुंताबाईच्या नावानं हाय," तो म्हणाला. "अर्ज त्याईनं कराले पाहिजे."

"त्या वारल्या."

"मंग तसं लिहा. ग्राहक मयत."

मी लिहिलं. पेन चालत होतं, काही अडलं नाही. 'ग्राहक मयत' लिहून सही केली आणि वर आवाजाचं सगळं कारण व्यवस्थित, एका पानात लिहिलं. ऑफिसात एक पान कुणी वाचत नाही. शेवटची ओळ वाचतात. दोन दिवसांनी शिडी घेऊन माणसं आली आणि ग्राहक मयत म्हणून माझी वीज कापून गेली.

सकाळची वेळ होती. मी अंगणात उभा, घरात पंखा बंद, आणि देवाजीभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले, "काऊन जी, तुमची लाईन कापली का काय?"

मला राग इतका आला की काय करावं कळेना, म्हणून मी सेट लावला. सेट माझा बॅटरीवरही चालतो. आणि काय सांगू, घरघर गायब. सगळ्या मोहल्ल्यात वीज चालू, देवळातली माळ लुकलुकतेय, विक्कीच्या दुकानात गाणी चालू आणि माझ्या सेटमध्ये घरघर नाही. फक्त टकटक उरली. म्हणजे जो चोर मी गावभर शोधला तो माझ्याच घरात होता.

वीज परत जोडून घ्यायला जे हेलपाटे घातले ते सांगत नाही, त्यात विनोद काही नाही. वीज आल्यावर मी एकेक वस्तू काढून पाहिली. फ्रीज नव्हता. टीव्ही नव्हता. देवघरातला लाल दिवा नव्हता. शेवटी सापडलं. कुंताचा फोन मी नागपूरहून आल्यापासून चार्जिंगला लावून ठेवला होता. भरला तरी काढायचा नाही. त्याचा चार्जर घरघर करत होता. तिने तो ब्रह्मपुरीच्या बाजारात हातगाडीवरून घेतला होता आणि मी तेव्हाच म्हणालो होतो की तो घेऊ नको. पण आता हे कुणाला सांगणार?

विक्कीकडून दुसरा चार्जर आणला. फोन पुन्हा लावला. विक्कीने विचारलं, "काकू तं नाई आता, फोन काऊन चालू ठेवता काका?" मी म्हणालो, रेंज चेक करायला. तो मोबाईलवाला आहे, रेंज कशी चेक करतात ते त्याला माहीत आहे. तरी त्याने मान डोलावली.

आता राहिली टकटक. ती ओळखायला ट्रान्झिस्टर लागला नाही. देवाजीभाऊंचं शेत आमच्या मागच्या कुंपणापासून सुरू होतं. आमच्याकडे सगळ्या शेतांना असते तशी त्यांच्या बांधाला तार आहे, आणि तारेला सोलरचं झटका मशीन. ते दर सेकंद-सव्वा सेकंदाला तारेत झटका सोडतं. त्याने डुक्कर मरत नाही, फक्त अपमान होऊन परत जातं. तार कुठे ओल्या गवताला टेकली, कुठे खांबावर तार धरणारा चिनीमातीचा गट्टू फुटला, की तिथे ठिणगी पडते, आणि तीच ठिणगी माझ्या सेटमध्ये टक म्हणून येते.

मी देवाजीभाऊंना समजावून सांगितलं. ते बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"म्हनजे माह्या मशीननं तुमचा रेडिओ खोकलते."

"असं समजा."

"मंग डुकराईले काय सांगू? भाऊचा रेडिओ चालू हाय, आज येऊ नका?"

"रविवारी सकाळी तासभर बंद ठेवा. सकाळी डुकरं येत नाहीत."

त्यांनी तंबाखू दाढेत धरली आणि विचार केला. शेतकरी माणूस विचार करतो तेव्हा शेताकडेच बघतो. "वहिनीचं सांगाचं हाय ना तुमाले तिथी?"

"हो."

"ठेवतो बंद."

त्यांनी रविवारी मशीन बंद केलं. टकटक थांबली. मी सेटपुढे बसलो, वाक्य तयार होतं, आणि नीलिमाबाई हजेरी सुरू करणार तेवढ्यात मागच्या शेतातून गुणाबाईंची ओरड आली. डुकरं सकाळी येत नाहीत हे बरोबर होतं. पण गावच्या गाई-म्हशी रोज सकाळी त्याच बांधाजवळून चरायला जातात, आणि त्यांतली एक म्हैस दर दिवशी त्या तारेला नाक लावून पाहते असं नंतर कळलं. त्या दिवशी तिला झटका बसला नाही. तिने ते बाकीच्यांना सांगितलं असावं. आम्ही पोचलो तोवर देवाजीभाऊंचे धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवणीला आलेले, कोवळे, हिरवेगार, निम्म्यावर आले होते.

मी काठी घेऊन पळालो. बांधावर घसरलो. उठलो तर एक म्हैस माझ्याकडे बघत चावत होती. त्या जनावराच्या तोंडावर जी शांती होती ती मला गेल्या काही महिन्यांत कुणाच्या तोंडावर दिसली नव्हती.

देवाजीभाऊ उरलेले पऱ्हे बघत बांधावरून फिरले. गुणाबाई बोलल्या. "आता भाऊच्या रेडिओत रोवा धान." मी त्यांच्यासाठी माझ्या मेहुण्याकडून, कुंताच्या भावाकडून, उरलेले पऱ्हे आणले आणि रोवणीला स्वतः चिखलात उतरलो. माझी रोवणी पाहून बायांनी मला दुपारी चहा करायच्या कामाला लावलं.

यानंतर विक्कीने डबीचा विषय काढला. ही डबी सेट आणि स्पीकरच्या मध्ये लावायची, ती आवाजातला कचरा काढून टाकते. डिजिटल. त्याने ती ऑनलाईन मागवली. ती ज्या दिवशी आली त्या दिवशी मोहल्ल्यातले सगळे माझ्याकडे आले, कारण तोवर माझा रेडिओ हा सगळ्यांचा प्रश्न झाला होता. विक्कीने वायरी जोडल्या आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

खोलीत शांतता पसरली. टकटक नाही. खरखर नाही. काहीच नाही.

"बंद पडलं," गुणाबाई म्हणाल्या.

"नाई जी काकू, साफ झालं," विक्की म्हणाला.

"मंग मानसं कुठी हायेत?"

माणसंही साफ झाली होती. मी पुस्तिका वाचून काढली. डबीचं काम असं, की जो आवाज एकसारखा चालू राहतो तो ती कचरा समजते, आणि जो मध्येच वर जातो, खाली येतो, थांबतो, तो माणूस समजते. बटण शेवटपर्यंत नेलं की लांबचा बारीक आवाजही तिला कचऱ्यासारखाच वाटतो, आणि ती दोन्ही झाडून टाकते. थोडं कमी केलं तर नीलिमाबाई यायच्या, पण रांजणात तोंड घालून बोलल्यासारख्या.

कुंता घरात असली की सतत काहीतरी चालू असायचं. स्वतःशी पुटपुटणं, भांडं ठेवणं, रेडिओशी बोलणं, कुकरला रागावणं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एका सुरात. या डबीला विचारलं असतं तर तिने सगळं काढून टाकलं असतं. मलाही ते ऐकू येत नव्हतं. बंद झालं तेव्हा आलं.

पुस्तिकेत शेवटी लिहिलं होतं की आधी आवाज जिथून येतो तिथे थांबवा, मग उरलेल्यासाठी डबी वापरा. हे पहिल्या पानावर लिहायला हवं होतं. मी देवाजीभाऊंना काही म्हणालो नाही. पऱ्ह्यांनंतर मला तोंड नव्हतं. पण एका संध्याकाळी बांधावर खटखट ऐकू आली. पाहिलं तर ते फुटलेले गट्टू बदलत होते आणि तारेखालचं गवत कापत होते.

"राहू द्या भाऊ," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी नाई करून राह्यलो," ते म्हणाले. "वहिनी दर साली पोळ्याले आमच्या बैलाईले निवद द्याची. तिच्यासाठी करून राह्यलो."

पुढच्या रविवारी पुनम आली होती. देवाजीभाऊ, गुणाबाई, विक्की, सगळे माझ्या खोलीत बसले. गुणाबाईंनी पदर डोक्यावर घेतला होता, बातमी देण्याची वेळ म्हणून. झटका मशीन चालू होतं आणि सेटमध्ये एक टक नव्हती. मी डबीचं बटण पावपर्यंत नेलं. इतका स्वच्छ आवाज आमच्या घरात कधी आला नव्हता. नीलिमाबाईंनी पान उलटलेलं ऐकू आलं.

माझं नाव आलं. मी हजर म्हणालो. "अरे वा, आज आरमोरी छान येतेय," त्या म्हणाल्या. मग पुढचं नाव. कुंताचं सांकेतिक नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते सावकाश म्हटलं, एकेक अक्षर सुटं करून, शाळेतल्यासारखं. मग म्हणाल्या, "कुंताताई, आरमोरी. कुंताताई, नागपूरहून आलात का? डॉक्टर काय म्हणाले ते सांगणार होतात. आम्ही वाट बघतोय."

आणि त्या थांबल्या.

पुनमने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी माईक उचलला, बटण दाबलं. वाक्य तोंडाशी होतं. वीज ऑफिसात तेच लिहिताना पेन अडलं नव्हतं. मला माहीत होतं की एकदा बोललो की त्या तीनदा पुकारतील, सगळे गप्प राहतील, आणि पुढच्या रविवारी माझ्या नावानंतर थेट अकोल्याचं नाव येईल.

मी म्हणालो, "नीलिमाबाई, खूप आवाज आहे इकडे. शेवटचं ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा म्हणता का?"

"म्हणते की," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या. सांकेतिक नाव, एकेक अक्षर. कुंताताई, आरमोरी.

मी बटण सोडून दिलं होतं.  खोलीतल्या सगळ्यांना पहिल्या वेळीच स्पष्ट ऐकू आलं होतं. विक्की डबीकडे बघत होता, जणू तिच्यात काही बिघडलंय. पुनमने हात काढला नाही.

"बरं," नीलिमाबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "शेवटी पुन्हा पुकारते."

गुणाबाई उठल्या. "चाय ठेवतो," म्हणाल्या आणि माझ्याच स्वयंपाकघरात गेल्या.

देवाजीभाऊ दारापर्यंत गेले, तिथे थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, ते जुने गट्टू मी फेकले नाई अजून. म्हनत असान तं परत लावतो. मंग खरंच आयकू येनार नाई."

मी नको म्हणालो.

त्याला आता बरेच रविवार झाले. धान लोंबीवर आलं आहे. पुनम फोनवर तो विषय काढत नाही. आवाज स्वच्छ येतो. नीलिमाबाई हजेरीत एकदा आणि शेवटी एकदा पुकारतात. त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.